मास्तरांनी सोडलेला चौकोन

हात्सुएच्या शेडमध्ये कालवं फोडणाऱ्या बायका अकरा आणि जिभा बारा, असं बेटावर म्हणायचे. जास्तीची जीभ मालकिणीची. एका जिभेनं ती काम सांगायची आणि दुसरीनं ते कसं चुकलं ते सांगायची. वय सदुसष्ट, गुडघे दुखरे, तरी सकाळी सगळ्यांच्या आधी आपल्या पाटावर तीच बसलेली असायची. पायात रबरी बूट, डोक्याला फडकं, समोर ओल्या शिंपल्यांचा ढीग. समुद्रापलीकडे कुरे शहराच्या गोदीचा भोंगा व्हायचा तोवर तिची पहिली बादली भरलेली असे.

जानेवारीतल्या एका सकाळी सून कायोको हातात पाकीट घेऊन शेडमध्ये आली.

"आई, पत्र आलंय. तुमच्या नावाचं."

"मला कोण पत्र लिहिणार? वाच काय ते."

"इंग्रजीत आहे."

"मग? तू शाळेत बारा वर्षं होतीस ना? काय केलंस तिथं?"

"पास झाले," कायोको म्हणाली.

बाकीच्या बायका हसल्या. हात्सुए हसली नाही. शेजारच्या पाटावरची ओसुमी तिच्याच वयाची, एकाच गल्लीत वाढलेली. तिनं मान लांब करून तिकीट पाहिलं. तिकिटावर कांगारू होतं.

"हात्सु," ओसुमी हळूच म्हणाली, "ऑस्ट्रेलियाचं आहे गं."

शेडमधल्या सुऱ्या थांबल्या. ऑस्ट्रेलियात कोण होतं ते बेटावरच्या पोरासोरांनाही ठाऊक होतं, आणि ते नाव या शेडमध्ये त्रेचाळीस वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

"कालवं काय आपणहून तोंड उघडणारेत?" हात्सुए म्हणाली. सुऱ्या परत चालू झाल्या. पाकीट तिनं एप्रनच्या आत, छातीशी सरकवलं, आणि दुपारपर्यंत त्याला हात लावला नाही.

तिची धाकटी बहीण मासानो. लढाई हरल्यावर कुरेत परदेशी पलटणी येऊन राहिल्या, त्यांच्या धोबीखान्यात मासानो कामाला लागली आणि तिथल्या कॉलिन नावाच्या एका तांबड्या केसांच्या शिपायाशी तिनं लग्न ठरवलं. घरात सांगितलं ते ठरवून झाल्यावर. तेव्हा हात्सुएचं लग्न पलीकडच्या गावच्या बड्या जहाजवाल्यांकडे ठरलेलं होतं. देणंघेणं झालेलं, सुपारी फुटल्यातच जमा. बातमी पसरली आणि आठ दिवसांत त्यांनी सगळ्या भेटी जशाच्या तशा परत पाठवल्या. बांधलेल्या दोऱ्यासुद्धा सोडलेल्या नव्हत्या. मासानो एकवीस वर्षांची, केस कुरळे करून, सकाळच्या बोटीनं निघून गेली. हात्सुए धक्क्यावर गेली नाही. ती शेडमध्ये कालवं फोडत बसली होती आणि त्या दिवशी सुरीनं कापलेला अंगठा अजून थंडीत ठणकायचा.

मग वडिलांनी हात्सुएला घरजावई आणला. माणूस गरीब, अबोल, चांगला. त्याला जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती. वडील जाताना त्यांनी घराचं सगळं हात्सुएच्या हाती दिलं, होड्या, कालवांचे तराफे, आणि टेकडीवरची घराण्याची कबर, जिच्यात घरातल्या साऱ्यांच्या अस्थी ठेवायच्या. आणि तिच्याकडून एक शब्द घेतला: मासानोनं कधी माफी मागितली तर तिला आपल्या कबरीत जागा आहे. नाही मागितली तर नाही.

हात्सुएनं शब्द दिला होता. आणि हात्सुएनं दिलेला शब्द म्हणजे काय, ते बेटावर कुणालाही विचारा.

*

दुपारी सोललेल्या कालवांची पिशवी घेऊन ती निशिओका मास्तरांकडे गेली. मास्तर मूळचे बेटावरचे नव्हेत. मोठ्या शहरातून बदली होऊन आले, इथल्या शाळेत चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं, इथंच बायकोला पोचवलं आणि इथंच राहिले. बेटाच्या लेखी ते अजून पाहुणेच.

"हात्सुएबाई, एवढी कालवं मी एकटा कधी खाऊ?"

"एकटे आहात म्हणून कमीच आणलीत. हे वाचा. नुसतं वाचू नका, आपल्या भाषेत लिहून काढा. मला कागद हवा हातात."

"लिहून? तुम्हाला—" मास्तर थबकले.

"मला वाचता येतं," हात्सुए म्हणाली. "सावकाश येतं. शाळेच्या वयात नौदलाच्या कारखान्यात पेट्या भरत होते मी. तुमच्यासारखी माणसं तेव्हा फळ्यावर 'शत्रूची भाषा' म्हणून इंग्रजी पुसत होती. सोपी अक्षरं घाला म्हणजे झालं."

मास्तरांनी चष्मा पुसला. चौकोनांचा कागद घेतला, पेन्सिलीला टोक काढलं. एका चौकोनात एक अक्षर, असं ते लिहायचे, शाळेतल्या मुलासारखं. त्यांची एक खोड होती. एखादा शब्द पक्का कळला नाही तर ते अंदाजानं काही ठोकून द्यायचे नाहीत, चौकोन मोकळा सोडायचे. मुलांनाही तेच शिकवलं होतं त्यांनी. कळलं नाही ते कळल्यासारखं लिहिलंत तर शून्य, मोकळं सोडलंत तर अर्धा गुण.

हात्सुए शेगडीवर हात धरून बसली. तासाभरानं मास्तरांनी कागद पुढे केला आणि स्वतःच मोठ्यानं वाचून दाखवला.

"प्रिय हात्सुए मावशी, मी मासानोची मुलगी नोरीन. आपण कधी भेटलो नाही. आई ऑक्टोबरमध्ये वारली हे कळवताना मला फार वाईट वाटतं. ती बागेत कपडे वाळत घालत होती आणि खाली बसली, एवढंच झालं. माझ्या गिचमिड अक्षराबद्दल क्षमा करा. तुमचा पत्ता मला एका जुन्या पाकिटावर मिळाला. आईनं ते शिवणाच्या मशीनच्या खणात जपून ठेवलं होतं. ते इथून गेलेलं आणि परत आलेलं दिसतं, त्यावर कुणीतरी तुमच्या लिपीत एक ओळ लिहिली आहे. ती ओळ आई कधीकधी काढून बघत बसायची. तरीही पत्ता बरोबर असेल अशी आशा करते. आईची इच्छा होती की तिच्या थोड्या अस्थी तुमच्या बेटावर, आईवडिलांपाशी ठेवाव्यात. हे शक्य नसेल तर मला समजेल, पण खंत वाटेल. आईला आपल्या बहिणीबद्दल आयुष्यभर..."

मास्तर थांबले.

"आयुष्यभर काय?"

"इथं चौकोन मोकळा आहे."

"ते दिसतंय. का?"

"त्या बाईनं एकच शब्द चारदा वापरलाय," मास्तर म्हणाले. "सॉरी. आई वारली हे कळवताना सॉरी, म्हणजे वाईट वाटतं. अक्षराबद्दल सॉरी, म्हणजे क्षमा करा. तुम्ही नाही म्हणालात तर सॉरी, म्हणजे खंत. ते तिन्ही सरळ आहेत. हे चौथं मात्र..."

"माफी की नाही, एवढंच सांगा."

"माफी असेल. हळहळ असेल. तुमची कीवही असेल. आपण जिथं पाच वेगळे शब्द वापरतो तिथं त्यांचा तो एकच."

"कीव?" हात्सुए शेगडीवरचे हात मागे घेऊन सरळ बसली. "माझी? अकरा बायका, तीन होड्या, चौदा तराफे! तिनं माझी कीव करायची?"

"असेल म्हणालो."

"मास्तर, चाळीस वर्षं काय शिकवलंत हो पोरांना? एक शब्द उलटा करता येत नाही?"

"हेच शिकवलं," मास्तर शांतपणे म्हणाले. "मी आत्ता तिथं 'माफी' लिहिलं तर तुम्ही कबर उघडाल. 'हळहळ' लिहिलं तर नाही उघडणार. मग तो निवाडा माझा झाला. तुमच्या घराचा निवाडा मी का करू?"

बेटावरच्या गोष्टी पाहुण्यालाही माहीत असतात, हे तेव्हा हात्सुएच्या ध्यानात आलं. तिनं कागदाची घडी घातली.

"आणि त्या पाकिटावरची ओळ," मास्तरांनी विचारलं, "कुणी लिहिली असेल?"

"मला काय ठाऊक?" हात्सुए म्हणाली आणि बूट चढवू लागली. एरवी झटकन चढणारे बूट त्या दिवशी चढेनात.

ठाऊक नसायला काय झालं? वडील गेले, पाठोपाठ वर्षाच्या आत आई गेली. आईचे दिवस चालू असतानाच ते पाकीट आलं, आईच्या नावाचं. हात्सुएनं ते उघडलं नाही. जेवढी अक्षरं येत होती तेवढ्यांत, पेन दाबून, तिनं त्यावर लिहिलं, "या नावाचं इथं कुणी राहत नाही," आणि पोस्टमनच्या हाती परत दिलं. खोटं काय होतं त्यात? आई नव्हतीच राहत. पस्तीस वर्षं ती स्वतःला हेच सांगत आली होती. कुणी विचारलं असतं तर त्यालाही हेच सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना सगळं माहीत होतं. कसं, ते विचारायचं नसतं.

"माफीच ती," ओसुमी म्हणाली. "मेलेलं माणूस आणखी काय म्हणणार?"

"ती मेल्यावर नाही म्हणाली, जिवंतपणी वाटत होतं म्हणे."

"मग त्याला हळहळ म्हणतात. माझ्या नवऱ्याला रोज वाटते, दारू संपली की."

"अगं, तुझ्या नवऱ्याला इंग्रजीत घालू नको."

"बाकी थोरल्या बाई कधी कुणाला सॉरी म्हणाल्यात का, तेवढं सांगा."

हसू पिकलं. हात्सुएनं एक शिंपला उचलला, सुरीचं टोक बिजागरीत घातलं, मनगट वळवलं. शिंपला उघडला.

"म्हणेन," ती म्हणाली, "ज्या दिवशी तुझ्या बादलीत शिंपल्यांचे तुकडे सापडणार नाहीत त्या दिवशी."

पण जेवायच्या सुट्टीत ओसुमी तिच्याजवळ येऊन बसली. दोघींनी आपापले डबे उघडले.

"हात्सु, एक सांगू? सोड ना तो शब्द. कुणाला कळणार आहे? मास्तर 'माफी' लिहून देतील, मी सांगते त्यांना. दगड सरकवायचा, पोरीनं हाडं ठेवायची, झालं. मी तिच्याबरोबर लहानपणी डोंगरावर रताळी चोरलीयत."

"मला कळेल," हात्सुए म्हणाली.

"तुझ्या बापाला जाऊन किती वर्षं झाली?"

"शब्द त्यांना दिलेला नाही नुसता. मी दिलाय तो. माझं ठरलेलं लग्न मोडलं, तुझं नव्हे. तिनं एकदा, एकदा म्हटलं असतं, ताई, माझ्यामुळे झालं. तर मी..." ती थांबली. "लोणचं खारट झालंय तुझं."

"दरवर्षी तेवढंच असतं," ओसुमी म्हणाली.

*

संध्याकाळी हात्सुए परत मास्तरांकडे गेली. "त्या पोरीला लिहा. विचारा तिला स्पष्ट. तुझ्या आईनं माफी मागितली होती, की तिला नुसतं वाईट वाटत होतं? दोन्हीतलं एक लिही म्हणावं."

मास्तर लिहायला बसले. दोन ओळी लिहून खोडल्या. पुन्हा लिहून पुन्हा खोडल्या. मग त्यांना हसू आलं.

"काय झालं?"

"विचारायलाही तोच शब्द लागतो हो. तुझी आई सॉरी होती की सॉरी होती, असं होतंय." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "वळसा घालून विचारता येईल, दुसरे जड शब्द आहेत. पण हात्सुएबाई, त्या मुलीला आपल्या शब्दांतला हा फरकच ठाऊक नसेल तर ती तरी काय सांगणार? मला शब्द अडला की मी त्याच्या आजूबाजूला बघतो. त्या माणसानं तेव्हा केलं काय. तेच विचारू. तुझी आई काय म्हणायची ते नको, काय करायची ते लिही. घरातलं, रोजचं."

"त्यानं काय कळणार?"

"कदाचित काहीच नाही."

"लिहा," हात्सुए म्हणाली. "बसलाच आहात तर लिहा."

उत्तर यायला पाच आठवडे लागले. तोवर हात्सुएनं कुणाला विचारलं नाही, पण पोस्टमनची सायकल वाजली की तिची सुरी क्षणभर हवेत राहायची, हे कायोकोनं पाहिलं होतं. कायोको जीभ आवरणारी सून होती. म्हणूनच त्या घरात टिकली.

फेब्रुवारी संपता संपता पत्र आलं. या वेळी जाड होतं. हात्सुए ते घेऊन मास्तरांकडे निघाली तेव्हा कायोकोही तिच्यामागून छत्री घेऊन निघाली, पाऊस नसताना. हात्सुएनं तिला परत पाठवलं नाही.

मास्तरांनी या वेळी लिहिता लिहिताच वाचून सांगायला सुरुवात केली.

"आई काय म्हणायची ते नको, असं तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. ते मला सांगता येणार नाही, कारण अशा गोष्टी ती तिच्या भाषेत म्हणायची, आणि मी ती शिकले नाही. बाबा म्हणायचे, एकच भाषा नीट शिका. काय करायची ते सांगते. बेंडिगोत आमच्याकडे समुद्र नाही. चार तास गाडीत बसून ती वर्षातून एकदा समुद्र बघायला जायची, पाण्यात उतरायची नाही, घरी यायची. भाजीत साखर घालायची. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. आणि रोज सकाळी, बाबांची अंडी उकळायला ठेवायच्या आधी, ती फ्रीजवरच्या फळीवर, खिडकीकडे तोंड करून, मृतांना नैवेद्य ठेवायची."

"मृतांना?" हात्सुए म्हणाली.

"असं तिनं लिहिलंय. म्हणजे 'मेलेल्यांसाठी अन्न'. नैवेद्यच की." मास्तर पुढे वाचू लागले. "तीन छोट्या वाट्या, गरम भाताच्या, झाकण घातलेल्या. जवळ काड्या. बाबा म्हणायचे, ते तिच्या आईवडिलांसाठी आहे. आम्ही कधी जास्त विचारलं नाही. थोड्या वेळानं ती एकेक झाकण उचलून आतून बघायची. मग तो भात स्वतः खायची, थंड. मी सहा वर्षांची असताना, तिला मदत म्हणून, ती तिन्ही झाकणं उचलून फडक्यानं आतून कोरडी पुसून ठेवली. आईनं मला मारलं. आयुष्यात तेवढंच एकदा. मग मला पोटाशी धरून बसली आणि—"

"थांबा," हात्सुए म्हणाली.

मास्तर थांबले.

"झाकणं म्हणालात?"

"हो. झाकण घातलेल्या वाट्या. नैवेद्याच्या—"

"तो नैवेद्य नाही, मास्तर."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. हात्सुएचा आवाज तिचा नव्हता. त्याला धार नव्हती.

"मेलेल्यांच्या वाटीवर झाकण नसतं. त्यांच्यापुढे ठेवायचं ते उघडं. वाफ वर जाते, त्यांना पोचते. एवढंही शिकवलं नाही कुणी तुम्हाला तुमच्या त्या मोठ्या शहरात? झाकण घालायचं ते जिवंत माणसाच्या वाटीवर. जो दूर गेलाय त्याच्या. मासे धरायला गेलेला, लढाईवर गेलेला, नांदायला गेलेली. घरात त्याचं पान मांडायचं, म्हणजे तिकडे तो उपाशी राहत नाही. आणि थोड्या वेळानं झाकण उचलून बघायचं. आत थेंब धरले असले तर तो सुखरूप आहे. कोरडं असलं तर..." तिनं कायोकोकडे पाहिलं. "सांग यांना."

"कोरडं असलं तर काहीतरी झालंय," कायोको म्हणाली. "माझी आजी बोट नुसती पलीकडच्या गावाला गेली तरी मांडायची. मठातले गुरू रागवायचे."

"रागवू देत. बेटावरच्या बायका त्यांना विचारून जेवण वाढत नाहीत."

मास्तरांनी कागदाकडे पाहिलं, मग रबर घेतला आणि 'मृतांना नैवेद्य' यातलं एकेक अक्षर पुसायला लागले. चौकोन मोकळे झाले.

"म्हणजे तीन वाट्या," ते सावकाश म्हणाले. "वडील, आई आणि..."

"ती गेली होती, आम्ही इथंच होतो. पान मांडायचं तर आम्ही तिचं मांडायचं." हात्सुए बोलत राहिली, जणू थांबली तर जमणार नव्हतं. "आई मांडायची. रोज, आठ वर्षं, मांडणीच्या मागच्या फळीवर, बाबांना दिसणार नाही असं. बाबांना दिसायचं. ते तिकडे पाठ करून जेवायचे. आईचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती वाटी धुऊन कपाटात मागे ठेवून दिली. म्हटलं, झालं आता. आणि ती तिकडे... तिच्या लेखी आम्हीच दूर गेलेलो."

शेगडीवर किटली कुजबुजत होती.

"शेवटपर्यंत तीनच?" हात्सुएनं विचारलं. "बघा. लिहिलंय का?"

मास्तरांनी बोटानं ओळी शोधल्या. "आई गेली त्या सकाळीही फळीवर तिन्ही वाट्या होत्या. मी रात्री त्या धुतल्या. त्या कुणाच्या होत्या हे तुम्हाला ठाऊक असेल तर मला सांगाल का?"

आपले बाबा जाऊन छत्तीस वर्षं. आई जाऊन पस्तीस. आणि ती तिकडे, समुद्र नसलेल्या गावात, फ्रीजवर भात वाढून त्या दोघांची खुशाली झाकणाखाली बघत राहिली, कारण ते गेले हे तिला कुणी कळवलंच नाही. कळवायचं कुणी होतं ते हात्सुएला ठाऊक होतं. मासानोला कळवणारं दुसरं कुणी नव्हतं. 'या नावाचं इथं कुणी राहत नाही.' त्या ओळीतून मासानोला एकच बातमी कळली असणार: ज्या हातानं पेन एवढं दाबलंय तो हात अजून आहे. म्हणून ती ओळ काढून बघत बसायची.

त्रेचाळीस वर्षं हात्सुए माफीची वाट बघत होती. तिला एकदम वाटलं, आपण चुकीच्या धक्क्यावर उभे होतो.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचा तो मोकळा चौकोन."

"हो?"

"राहू द्या मोकळा. मला नाही लागत."

"आणि कबर?"

"कबरीचं काय? कालवांचा हंगाम संपला की हिच्या नवऱ्याला, तेत्सुजीला, सांगून दगड सरकवून ठेवते, दोन माणसं लागतात त्याला. सप्टेंबरात दिवस-रात्र सारखी होते तेव्हा कबरी धुतातच सगळे, तेव्हाच ठेवू. लिहा तिला. ये म्हणावं. सगळं ठेव म्हणावं आईचं इथं, थोडं कशाला? बरं, थोडं बापाजवळ राहू दे, तोही नवरा होता. आणि लिहा, वाट्या कुणाच्या होत्या ते. एक तुझ्या आजोबांची, एक आजीची, ते दोघं गेलेत, कधी गेले ते वर्षासकट लिहा. आणि तिसरी..." तिनं नाक पुसलं. "तिसरी माझी. मी सुखरूप होते म्हणावं. ते पाकीट मी परत पाठवलं. ती ओळ माझी आहे."

मास्तर भराभर लिहीत होते, चौकोन नसलेल्या कागदावर, इंग्रजीत. पेन थांबलं.

"यापुढे काय लिहू? तुम्ही पाकीट परत पाठवलं त्याबद्दल. माफी? की वाईट वाटतं? की..."

"तोच घाला ना त्यांचा," हात्सुए म्हणाली. "तो एक शब्द, सगळ्याला पुरणारा. मला सगळंच वाटतंय. तिचं तिला कळेल."

मास्तरांनी लिहिलं. पाच अक्षरं. हात्सुएनं कागद हातात घेऊन ती पाच अक्षरं बघितली. तिला त्यातलं एकही येत नव्हतं, पण मास्तरांचं पेन तिथं थोडं दाबलेलं दिसत होतं.

"एवढंसं?" ती म्हणाली. "हेही लिहा की विमानात खिडकीपाशी बसू नकोस, वारा लागतो."

"विमानात वारा नसतो, आई," कायोको म्हणाली.

"तू बसलीयस कधी?"

*

नोरीन ज्या दिवशी मेलबर्नहून निघणार होती त्या सकाळी हात्सुएनं कपाटाच्या तळातून ती वाटी काढली. काळी, लाखेची, झाकणावर दोन टिटव्या, एकीची चोच उडालेली. पस्तीस वर्षांत कपाट तीनदा बदललं होतं. वाटी दर वेळी नव्या कपाटात, मागे, तिथंच जाऊन बसली होती.

शेड बंद झाल्यामुळे ओसुमीला उद्योग नव्हता, ती आली होती. कायोको भात वाढत होती.

"गार झालाय तो वरचा," हात्सुए म्हणाली. "तळातला घे, वाफाळतोय तो."

"आई, गरम भातावर झाकण घातलं की थेंब येणारच की. त्यात सुखरूप-बिखरूपचं काय कळणार?"

ओसुमीनं हात्सुएकडे पाहिलं. आता सुनेला ऐकायला मिळणार, असं तिला वाटलं.

"मग तुला काय वाटतं," हात्सुए म्हणाली, "माझ्या आईला ते माहीत नव्हतं? तिनं एक दिवस गार भात घातला नाही त्यात. आणि ती तिकडची, नवऱ्याची अंडी मागे ठेवून आधी भात शिजवायची. कशाला? सांग, पोरीनं ते थेंब पुसून टाकले तर मारेल नाही तर काय करेल!"

तिनं वाटी खिडकीपाशी ठेवली, दक्षिणेकडे तोंड करून, काड्या उजव्या हाताला. तिघी चहा प्यायल्या. ओसुमीनं लोणचं आणलं होतं, या वर्षीही खारट. मग हात्सुए गुडघ्यावर हात टेकून उठली, दोन बोटांनी झाकण उचललं आणि उजेडात उलटं धरलं.

"बसली विमानात," ती म्हणाली.